कुणाच्या मापाने

बहिणीच्या बाळंतपणाहून परत आले, बॅग दारातच टाकली आणि आधी मागच्या शेडमध्ये गेले, तर माझ्या मशीनला पाय फुटले होते. खरेखुरे, चार लोखंडी पाय. लाकूड फोडायचं आमचं हायड्रॉलिक मशीन माझ्या मांडीपाशी यायचं, ते आता नवा हिरवा रंग फासून माझ्या छातीला भिडलं होतं. शेजारी दीर चिंधीला हात पुसत उभे. चेहऱ्यावर असा भाव, की मी आता टाळ्याच वाजवायच्या.

“काय वहिनी, कसं वाटलं?”

“हे कुणी करायला सांगितलं?” मी विचारलं.

“सांगायला कशाला हवं? घरचंच तर काम. तुम्ही नव्हता तेवढ्यात उरकून टाकलं.”

माझे दीर हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. हातात कसब आहे, हे मी स्वतः चार लोकांत सांगत आले आहे. त्यामुळे काम वाईट झालं होतं असं मी म्हणणार नाही. वेल्डिंग गुळगुळीत होतं, तेलाच्या जुन्या चिरलेल्या नळ्या बदलल्या होत्या, आणि पूर्वी एका दाबात ओंडक्याचे दोनच तुकडे करणाऱ्या पाचरीला आडवं पातं बसवून चार तुकड्यांची सोय केली होती. ओंडका उचलून वर आणायला एक पाळणा केला होता. आणि एका लिव्हरच्या जागी दोन, दोन्ही एकदम दाबले तरच मशीन चालणार. म्हणजे दाब सुरू असताना दोन्ही हात लिव्हरवर राहणार आणि एकही बोट पाचरीखाली जाणार नाही. ही अट मला तेव्हाही पटली होती आणि आजही पटते.

पण दोन्ही लिव्हर धरायला मी हात पसरले, तर माझा गालच मशीनच्या आडव्या बीमला टेकला.

“जरा मागे उभ्या राहा,” दीर म्हणाले.

मागे झाले, तर बोटांची नुसती टोकं पोचली.

“सवय होईल,” दाराशी उभ्या सासूबाई म्हणाल्या. “एवढं केलंय त्याने. दोन शब्द गोड बोल की.”

गोड! आमचा धंदाच या मशीनवर आहे. ओंडके आणायचे, फोडायचे, वाळवायचे आणि बेकऱ्यांना नि घरोघरच्या शेगड्यांना पुरवायचे. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा काही आठवड्यांपुरती म्हणून मी मशीनसमोर उभी राहिले. ते आठवडे काही संपले नाहीत. आता तिसरा हिवाळा आहे. नवरा गिऱ्हाइकांचे फोन घेतो, गाडी भरताना मोजदाद करतो. फोडणं माझ्याकडे. सुरुवातीला मशीन पार खाली होतं, वाकून वाकून माझी कंबर धरायची. म्हणून मी त्याच्याखाली जाड फळ्या घातल्या. लिव्हर थंडीत हाताला चावायचा, त्याला सायकलची ट्यूब गुंडाळली. फुटलेला तुकडा एकदा पायावर पडला, अंगठ्याचं नख गेलं, तेव्हा एका मोडक्या कपाटाचा दरवाजा काढून बीमच्या कडेला ठोकला. तुकडे त्याच्यावर थांबायचे, पायावर यायचे नाहीत. गाठीचं लाकूड कसं फिरवून ठेवायचं, पंपाचा आवाज जड झाला की कधी हात सोडायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मला कळत गेलं.

“माझा दरवाजा कुठाय?” मी विचारलं.

“कुठला दरवाजा?”

“बीमला ठोकलेला. तुकडे अडवायचा.”

“अच्छा, तो जुगाड!” दीर हसले. “तो टाकला भंगारात. शोभत नव्हता हो.”

ज्या माणसाला गंजलेला नटसुद्धा टाकवत नाही, घरात डबेच्या डबे भरून ठेवतो, त्याने माझा दरवाजा तेवढा भंगारात टाकला. ट्यूबही गेली होती. फळ्या तर कुणी कुठे फेकल्या ते विचारायची सोयच नव्हती. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो मी तिथेच बोलून दाखवला.

“भाऊजी, मशीन केलंत, पण माप कुणाचं घेतलंत?”

“दादाचं,” त्यांनी सहज सांगितलं. “त्याला इथे उभं केलं, कोपराची उंची घेतली, हातांचा पल्ला घेतला. असंच करतात. मशीन माणसाच्या मापाचं पाहिजे.”

“मग मी कोण?”

दीर गोंधळले. खरंच गोंधळले, मला चिडवायला नव्हे, आणि तेच मला जास्त लागलं. “तसं नाही वहिनी. तुम्ही आहातच. पण दादा बरा झाला की शेवटी त्यालाच... तुमची सुटका व्हावी म्हणून तर केलं ना सगळं.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शेडच्या दारात खांबाला टेकून उभा होता.

“आणि तुकडे अडवायला काय?” मी विचारलं.

“ओंडका फुटला की दादा लिव्हर सोडून ते वरच्यावर झेलतो. खाली पडू देत नाही तो.”

म्हणजे माझ्या नवऱ्याचे लांब हात धरून सगळा हिशेब मांडला होता, आणि ते हात गेले दोन हिवाळे फोन धरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला स्वतः आला. त्याच्या भट्टीला लाकूड संपत आलं होतं. नवं मशीन बघून तो हरखला. चारी बाजूंनी फिरून झाल्यावर म्हणाला, “वा! आता मालक परत कामावर येणार म्हणा की.” गेले दोन हिवाळे माझ्या हातचं लाकूड जाळून याने पाव भाजले, आणि मी समोर हातमोजे घालून उभी असताना हा मालकांची चौकशी करतोय. नाकाला मिरच्या झोंबतात म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजलं.

लाकूड तर द्यायचंच होतं. दीर सुट्टी काढून थांबलेच होते, त्यांनी एक लाकडी खोकं आणून मशीनसमोर पालथं घातलं. “यावर उभ्या राहा. तात्पुरतं.”

“तात्पुरतं” हा शब्द ऐकून माझी जीभ वळवळली, पण बेकरीवाल्यासमोर तमाशा नको म्हणून चढले. पाळण्यातून ओंडका वर आला. त्याच्यापर्यंत हात पोचवून तो सरळ करता करता माझ्या टाचा उचलल्या गेल्या. दोन्ही लिव्हर दाबले. पंप घुमला, पाचर आत शिरली, ओंडका कडाडला आणि त्याचे चार तुकडे झाले. दोन पलीकडे पडले. अलीकडचे दोन छातीच्या उंचीवरून सरळ माझ्याकडे आले. एक खांद्याला घासून गेला. दुसरा खोक्यावर आदळला, खोकं सरकलं, आणि मी लाकडांच्या ढिगात पाठीवर पडले.

हात लिव्हरवरून सुटले तसं मशीन जागच्या जागी थांबलं. तेवढं श्रेय दिरांना. मला मुका मार लागला, कोपर सोलवटलं. पण वर बघितलं तर बीम डोक्यावर होता, आणि माझ्या मनात आलं, थोडं पुढे पडले असते तर?

“वहिनी! लागलं का?” दीर धावत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “मी खोकं ठोकून पक्कं करतो. दादा उभा राहीपर्यंत जरा—”

“खोकं नको!” मी ओरडले. बेकरीवाला आहे की नाही, ते मी आता बघितलं नाही. “मला माझ्या कामावर पाहुणी करून ठेवलंय तुम्ही! मी खोक्यावर चढून काम करायचं, पडायचं, आणि मशीन कुणासाठी सजवून ठेवायचं? जो माणूस इथे उभा नाही त्याच्यासाठी! दोन हिवाळे कोण उभं होतं इथे?”

“अगं, तो बरा होऊ दे की,” सासूबाई म्हणाल्या. “दादा उभा राहिला की सगळं—”

“दादा उभा राहणार नाही,” नवरा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो खांब सोडून आत आला होता.

“डॉक्टरांनी ऑपरेशननंतरच सांगितलं होतं. ओंडका उचलायचा नाही, जोर लावायचा नाही. कधीच नाही.”

सासूबाई खाली बसल्या. दिरांच्या हातातलं खोकं हातातच राहिलं. बेकरीवाला “मी नंतर येतो” असं पुटपुटत निघून गेला.

“आणि तरी तुम्ही मापं द्यायला उभे राहिलात?” मी विचारलं. माझा आवाज आता चढत नव्हता, उलट बसला होता. “कोपर वाकवून? हात पसरून?”

“त्याने इतक्या हौसेने टेप आणली,” तो म्हणाला. “मला सांगवेना. सांगितलं असतं, तर मशीन तुझं झालं असतं.”

“ते झालंच होतं! तुम्ही फक्त मला सांगितलं नाहीत. रोज मी विचार करायचे, हे काम मी उसनं घेतलंय, कधीतरी परत द्यायचंय. म्हणून एक चांगला पट्टाही घेतला नाही कमरेला. माझी कंबरही दुसऱ्याची वस्तू वापरावी तशी वापरली मी.”

पाठ गेली हे त्याचं दुःख मला कळत होतं, ती पाठ मीच तर रोज चोळत होते. पण त्या दुःखाचं ओझं न सांगता माझ्या अंगावर टाकलं होतं, ते मला मान्य नव्हतं.

दीर खोकं बाजूला ठेवून टेप घेऊन आले. “वहिनी,” ते खाली बघत म्हणाले, “सरळ उभ्या राहा. हात कोपरात वाकवा.” ते जमिनीवर गुडघे टेकून बसले. टेपचं वरचं टोक नवऱ्याने माझ्या कोपराशी धरलं. वाकता येत नसल्यामुळे त्याला वरचंच टोक धरता येत होतं. सोलवटलेल्या जागी त्याचा अंगठा लागला, मी हात मागे घेतला नाही आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. मग मी हात पसरले आणि लिव्हरचं माप झालं. माझ्या शरीराची मापं घरात कुणी लिहून घेतली ती आजवर फक्त ब्लाउजसाठी.

ग्राइंडरने पाय कापले गेले. ठिणग्यांनी नवा हिरवा रंग काळा पडला. मशीन खाली आलं, लिव्हर जवळ आले, आणि मी जमिनीवर दोन्ही पाय रोवून हात ठेवले तर ते जिथे हवे तिथे पडले.

दिरांनी कापलेले चारही तुकडे गोळा करून फडक्याने पुसले. जुनी खोड. “हे ठेवून देतो,” ते म्हणाले. “पुढेमागे उंची वाढवायची झालीच, तर परत वेल्ड करता येतील.”

“कुणासाठी?” मी विचारलं.

नवरा पुढे झाला, त्याने भावाच्या हातून ते तुकडे घेतले. तेवढं वजन त्याला चालतं. पाठ ताठ ठेवून, हळूहळू चालत तो मागे गेला आणि एकेक तुकडा त्याने भंगाराच्या ढिगात टाकला. प्रत्येकाचा आवाज आम्हाला शेडमध्ये ऐकू आला. नंतर बराच वेळ पत्रे सरकवल्याची खडखड येत राहिली. परत आला तेव्हा माझा कपाटाचा दरवाजा तो जमिनीवरून ओढत आणत होता.