सेकंदाला साठ चित्रं

बारक्या ताईच्या दारात बूट काढत होता तेवढ्यातच तिने सुरुवात केली.

"काय रे, डबा आणला नाहीस बरोबर? घरी एकट्याला भीती वाटेल त्याला."

"झोपलाय तो," बारक्या म्हणाला. "तुझ्या कपाटासारखा दिवसभर घूंघूं करत बसत नाही."

डबा म्हणजे बारक्याचा गेमिंग कन्सोल, टीव्हीला जोडलेला. कपाट म्हणजे ताईचा कॉम्प्युटर. तिने एकेक भाग पारखून आणला होता आणि स्वतःच्या हाताने जोडला होता. दोघं भावंडं चाळिशीकडे झुकलेली. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, ती वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. पण गेमचा विषय निघाला की शाळकरी पोरांसारखी भांडायची.

बारक्याचा घटस्फोट झाल्यावर त्याने सोफ्यासमोर टीव्ही लावला आणि ताईसाठी म्हणून दुसरा कंट्रोलर घेतला. ती काही रविवार गेली, मग जायची बंद झाली. कारण तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं. "तुझ्या डब्यावर सेकंदाला साठ चित्रं दिसतात, माझ्याकडे एकशे चव्वेचाळीस. इथली सवय झाल्यावर तिथे सगळं अडखळताना दिसतं. डोळे दुखतात माझे." दोन वर्षं हेच चाललं होतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर, फोनवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांतसुद्धा.

शेवटी बारक्याने हात टेकले. डबा मावसबहिणीच्या मुलांना देऊन टाकायचा आणि ताईसारखा कॉम्प्युटर घ्यायचा, म्हणजे आपापल्या घरी बसून तरी दोघांना एकत्र खेळता येईल. मावसबहीण दुपारीच त्याच्याकडे डबा न्यायला येणार होती. त्याआधी त्याची एकच अट होती.

"मला तुझी परीक्षा घ्यायचीय. तू डोळे मीट, मी स्क्रीन कधी साठवर ठेवीन, कधी एकशे चव्वेचाळीसवर. तू ओळखायचं."

"घे की. तुझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसारखी पाट्या वाचायला लावू नकोस म्हणजे झालं."

"तिथे निम्मे लोक अंदाजाने वाचतात. तू तशी नाहीस, ठाऊक आहे मला. आधी चहा टाकतो."

तो स्वयंपाकघरात गेला. आकडा कुठून बदलायचा हे त्याला दाखवता यावं म्हणून ताईने स्क्रीनच्या सेटिंग्ज उघडल्या. खालच्या ओळीत लिहिलं होतं: साठ.

तिने ते पुन्हा वाचलं. मग चौकटीवर टिचकी मारून यादी उघडली. एकशे चव्वेचाळीस यादीत होतं, पण निवडलेलं नव्हतं. स्क्रीन आणली त्या दिवशी कॉम्प्युटरने आपणहून साठ धरलं असणार. तो आकडा आपल्या हाताने बदलावा लागतो, आणि तिने तो कधी बदललाच नव्हता.

प्रयोगशाळेत नवीन कोणी आलं की ती पहिल्याच दिवशी बजावायची: काट्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका, आधी माहीत असलेलं वजन ठेवून बघा. चुकणाऱ्याला ती सगळ्यांदेखत ते पुन्हा करायला लावायची. आणि स्वतः दोन वर्षं स्क्रीनच्या खोक्यावर छापलेला आकडा लोकांच्या तोंडावर फेकत बसली होती. तिचे कान तापले. डोळे दुखतात म्हणे! तिच्या स्क्रीनवर आणि बारक्याच्या टीव्हीवर सेकंदाला तेवढीच चित्रं सरकत होती.

"साखर कुठे ठेवलीस गं?"

"वरच्या फळीवर," ती म्हणाली आणि तिने एकशे चव्वेचाळीस निवडलं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत उजळली. तिने माऊस हलवला. बाण तेल लावल्यासारखा सरकला. म्हणजे फरक होता. खराच होता आणि तिला तो आत्ता, पहिल्यांदा दिसत होता.

बारक्या कप घेऊन आला. तिने त्याला कुठे काय दाबायचं ते दाखवलं.

"मीट डोळे. हं, उघड. हे बरं की मघाचं?" तो अगदी दुकानातल्या सुरात विचारत होता.

"हे साठ."

"आणि हे?"

"एकशे चव्वेचाळीस."

त्याने तिला चकवायला तोच आकडा लागोपाठ ठेवला, तरी ती फसली नाही. एकदाही चुकली नाही. बारक्या खुर्चीत मागे रेलला.

"मानलं बुवा. मला वाटायचं, नुसती मिजास आहे." तो कपात बघत होता. "खरं सांगू? मला वाटायचं डोळ्यांचं तू निमित्त करतेस. मी हल्ली रडगाणं गातो, घरात पसारा असतो, म्हणून तुला माझ्याकडे यायचा कंटाळा येतो. बरं झालं बघ. खरंच डोळ्यांचं होतं तर."

त्याचा चेहरा सैल झाला होता. किती दिवसांनी ती तो तसा पाहत होती. आता नुसतं गप्प बसलं की झालं, तिच्या मनात आलं. परीक्षा खोटी नव्हती, उत्तरं खरी होती. त्याला बरं वाटत होतं. खरं सांगितलं तर ते बरं वाटणंही जाणार.

त्याने फोन काढला. "निघाली असेल ती. किल्ली शेजाऱ्यांकडून घे म्हणतो आणि उचल डबा."

"थांब," ताई म्हणाली. "फोन नको करू."

"का? प्रेम उतू चाललं डब्यावर?"

"माझी स्क्रीन साठवरच होती, बारक्या. आणली तेव्हापासून. तू चहा करत होतास तेव्हा मी बदलली."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो हसला. "तू? काटे तपासणारी तू? अगं, हे तर ग्रुपवर..." आणि मध्येच थांबला. हसू गेलं.

"मग डोळे?"

"नाही दुखायचे."

"मग येत का नव्हतीस?"

"तो कंट्रोलर मला जमत नाही. गेममधली माझी बाई सारखी भिंतीवर आपटायची. तू माझ्यासाठी मागे थांबायचास, 'सावकाश, ताई, घाई नाही' म्हणायचास. लहानपणी तुला सायकल मी शिकवली. मला ते सहन व्हायचं नाही. पसाऱ्याचा काही संबंध नव्हता."

"एवढंच?"

"एवढंच."

"दोन वर्षं, ताई. एवढ्यासाठी?"

त्याने मावसबहिणीला फोन लावला, डबा देत नाही म्हणून सांगितलं, मुलांसाठी दुसरं काहीतरी आणीन म्हणाला. तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही गं, ताईचं काही नाही. माझाच विचार बदलला," तो म्हणाला. त्याने तिची चूक झाकली, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

तो बूट घालायला बसला. तिने दार उघडलं.

"येऊ का रविवारी?"

"या रविवारी नको," बारक्या नाडी बांधत म्हणाला. "पुढचं बघू. मला जरा..." पुढचं त्याने सांगितलं नाही. जिन्यावरून त्याची पावलं वाजेनाशी झाली तरी ती दारात उभी होती.