बर्फनांगराची कैफियत

मित्रांनो, आधी हसून घ्या. मी नांगर आहे आणि मी आयुष्यभर बर्फ नांगरला. माती नव्हे, बर्फ. हे ऐकून जो तो हसतो, तेव्हा तुमचंही एकदाचं उरकू द्या, म्हणजे मला पुढचं सांगता येईल. मी चिडका आहे असं सगळे म्हणतात. असेन. ऐन कडाक्याच्या थंडीत तुम्हाला बाहेर ओढून राबवलं असतं आणि वर दरवर्षी "बर्फात काय पेरणार?" असं विचारलं असतं, तर तुम्हीही काही फार गोड राहिला नसता.

माझं गाव कायराकली. बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी बावीस घरं, एक शाळा, एक झरा. गावात लोहार आणि सुतार एकच, तिमेरबाय. त्यानेच मला घडवलं. पाइनच्या दोन जाड फळ्या त्याने पुढे नाकाशी जोडल्या, मागे पंखांसारख्या फाकवल्या, मधे आडवा दांडा ठोकला आणि खालच्या कडेला लोखंडी पट्टी मारली. त्या दिवशी त्याच्या घरी मेंढीचं मटण शिजत होतं आणि सगळं लक्ष तिकडे. त्यामुळे माझा डावा पंख उजव्यापेक्षा चार बोटं लांब झाला. बायकोने दाखवून दिलं तर म्हणाला, बर्फाला काय कळतंय! बर्फाला नसेल कळत, पण मला कळत होतं ना. जन्मभर मी डावीकडे ओढत राहिलो आणि शिव्या खाल्ल्या घोड्यांनी.

आता माझं काम काय ते नीट ऐका, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली. आमच्याकडे बर्फ पडतो खूप, पण राहत नाही. उघड्या माळावरून वारा येतो, टेकडीवरचा बर्फ झाडून नेतो आणि पलीकडच्या दरीत टाकतो. मग वसंतात दरीला पूर आणि टेकडी कोरडी ठणठणीत. जूनमध्ये गरम वारे सुटले, की वीतभर वाढलेला गहू उभ्या उभ्या पिवळा पडतो. म्हणून मला बर्फातून ओढत न्यायचं. मी बर्फ दोन्ही बाजूंना लोटतो आणि माझ्या मागे बर्फाचे बांध उभे राहतात. वारा त्या बांधांना अडखळतो आणि हातातलं ओझं तिथेच टाकतो. मार्चपर्यंत कंबरभर बर्फ साठतो, हळूहळू वितळतो आणि जमीन पोटभर पाणी पिते. इतकं साधं आहे. पण साधी गोष्ट शहाण्या माणसांच्या डोक्यात लवकर शिरत नाही, हा माझा अनुभव.

शेतावरच्या टोळीची मुकादम होती युमाबिका. वय असेल तिशीचं, पण गावातली म्हातारी माणसंसुद्धा तिला आपाय, म्हणजे ताई, म्हणत. पहिल्या हिवाळ्यात तिचंही चुकलं, हे मी लपवणार नाही. तिने मला टेकडीवरून सरळ खाली नेलं. वसंतात दोन बांधांच्या मधून पाणी धावत सुटलं आणि शेताला बारीक ओरखडे पडले. ती दिवसभर तिथे बसून ते पाणी बघत राहिली. कोणावर ओरडली नाही. उन्हाळाभर मात्र ती गाईंच्या मागे हिंडली. गाय चरताना उतारावर सरळ चढत नाही, ती आडवी जाते, एकाच उंचीवरून. वर्षानुवर्षं तशाच चालून गाईंनी टेकडीवर पायवाटा पाडल्या होत्या. कापणी झाल्यावर युमाबिकाने त्या वाटा जशा जात होत्या, तशाच वळणांनी, त्याच उंचीवरून पुढे शेतातून सूर्यफुलाची वाळकी धाटं रोवून ठेवली. बर्फ पडला, वाटा बुजल्या, पण धाटांची टोकं वर दिसत होती. त्या टोकांच्या मागोमाग मला न्यायचं.

ट्रॅक्टर चालवणारा सागित तेव्हा खो खो हसला होता. म्हणाला, "आपाय, आता शेती गाईंना विचारून करायची का?"

"तुला विचारून तीन वर्षं केली की," ती म्हणाली.

त्या वसंतात टेकडीवरून थेंब खाली आला नाही. ऑगस्टात गहू माणसाच्या कमरेला लागला. मग काय विचारता! डिसेंबर आला की माझ्या लोखंडी पट्टीला मेंढीची चरबी चोळायला बायका आपणहून यायच्या. चांगले दिवस होते ते, नाही म्हणणार नाही. फक्त उन्हाळा आला की सगळे मला विसरायचे. तिमेरबायची बायको माझ्या पाठीवर आंबट दह्याचे गोळे वाळत घालायची आणि गावच्या सगळ्या माश्या माझ्याकडे मुक्कामाला. बर्फ आणणाऱ्याचा उन्हाळ्यात हा मान!

मग ओळीने दोन हिवाळे असे आले, की बर्फच पडला नाही. नांगरू काय, कपाळ? दोन्ही वर्षं टेकडीवर बियाण्यापुरताही गहू झाला नाही. नदीकाठच्या मोठ्या गावातून निरोप आला: बोडक्या टेकडीने तिसऱ्या वर्षीही काही दिलं नाही, तर ते शेत बंद, शाळा बंद आणि कायराकलीची बावीसही घरं उचलून नदीकाठी. लोकांनी ऐकून घेतलं. काहीजण तर रात्रीत सामान बांधायच्या गोष्टी करू लागले. युमाबिकाचा जन्म तिथला, तिची आई तिथल्या मातीत. ती म्हणाली, बर्फ पडू दे, मग बघू.

आणि बर्फ पडला. असा पडला की कुंपणं बुडाली. युमाबिकाने मला चरबी चोळली, घोडे जोडले आणि धाटांच्या मागे मागे टेकडीचा वरचा अर्धा भाग आठवडाभरात नांगरून काढला. खालचा अर्धा राहिला होता, तेवढ्यात तिला दोन दिवसांच्या बैठकीला मोठ्या गावी बोलावलं. बर्फ कसा अडवावा, याच विषयावर बैठक होती. मी काही बोलत नाही.

ती गेली आणि अख्तियाम आला. शेतीखात्याचा माणूस, अंगात नवा कोट, हातात छापील पत्रक. त्याने रस्त्यावरूनच टेकडीकडे बघितलं आणि त्याचं डोकं फिरलं. वरचे बांध वाकडे कसे? साप गेल्यासारखे कसे? तपासणीची माणसं याच रस्त्याने जाणार, त्यांना काय दिसेल? पत्रकात लिहिलं होतं की बांध वाऱ्याला आडवे आणि सरळ रेषेत हवेत. आता आमच्या टेकडीवर वारा येतो बाजूने. वाऱ्याला आडवं जायचं म्हणजे थेट उतारावरून खाली जायचं. ज्याने पत्रक लिहिलं तो सपाट माळावरचा होता, त्याला बिचाऱ्याला टेकडी ठाऊकच नव्हती. पण अख्तियाम तर टेकडीवर उभा होता ना!

सागितने ट्रॅक्टर आणला, मला मागे जोडलं आणि आगाय, म्हणजे दादा, अशी हाक मारत डोकं खाजवत म्हणाला, "अख्तियाम आगाय, असं गेलं तर सगळ्या ओळी खाली उतरतात."

"पत्रकात उताराबद्दल काही लिहिलंय का?"

"नाही."

"मग?"

सागित ट्रॅक्टरवर चढला. त्याने धाटं चिरडत मला नऊ वेळा वरून खाली ओढलं. मी डावीकडे ओढून पाहिलं, नाक रुतवून पाहिलं. ट्रॅक्टरपुढे माझं काय चालणार? संध्याकाळी अख्तियामने रस्त्यावर उभं राहून त्या नऊ ओळी बघितल्या आणि तो खूश झाला. रेघा होत्याही सुरेख, अगदी वहीत आखल्यासारख्या.

युमाबिका परत आली ती टेकडी बघून घरी गेलीच नाही. फावडं घेऊन सरळ खालच्या भागात. बांध जागोजागी तोडायचे आणि मधे बर्फाचे आडवे ढीग घालायचे, म्हणजे पाणी अडेल, असा तिचा विचार होता. तीन बायका तिच्याबरोबर आल्या. दुसऱ्या दिवशी सागितही आला, मान खाली घालून. तिने नुसतं दुसरं फावडं त्याच्याकडे सरकवलं. चार ओळी झाल्या आणि वादळ सुटलं. तीन दिवस हात दिसत नव्हता. वादळ थांबलं तेव्हा बर्फ इतका घट्ट बसला होता, की फावडं आत जाईना.

एप्रिलमध्ये ऊन एकदम तापलं. वरच्या भागात चिडीचूप, पाणी जागच्या जागी मुरत होतं. खालच्या भागातून मात्र रात्रंदिवस आवाज येत होता. तोडलेल्या चार ओळींनी कसंबसं निभावलं. उरलेल्या पाच ओळींचं पाणी नवव्या ओळीत जमलं आणि काळी माती घेऊन गावाच्या दिशेने निघालं. पाच दिवसांनी तिथे घळ होती. घोड्यावर बसलेला माणूस आत दिसेनासा होईल एवढी खोल. ती ओळ माझ्या नाकाने काढलेली होती, मित्रांनो. कोणाच्याही हुकमाने असो, नाक माझंच. ते मला आजही सहन होत नाही.

ऑगस्टात तपासणीची तीन माणसं आली. वरच्या भागात गहू कमरेएवढा, खालच्या भागात घळ. अख्तियामने अहवाल वाचला. कालबाह्य लाकडी अवजारामुळे जमिनीची हानी झाली, असं त्यात लिहिलं होतं. कालबाह्य लाकडी अवजार म्हणजे मी! मी तिथेच उभा होतो, माझ्यासमोर वाचलं हो त्याने.

युमाबिकाने अहवाल हातात घेतला, शांतपणे पुन्हा वाचला आणि विचारलं, "अख्तियाम आगाय, हा नांगर एकटाच गेला होता का टेकडीवर?"

तपासणीची माणसं खोकू लागली. मग सागित पुढे झाला आणि म्हणाला की ट्रॅक्टर मी चालवत होतो, आणि कोणाच्या सांगण्यावरून तेही सांगतो. त्याने सगळं सांगितलं. ती माणसं वरच्या भागात चालत गेली, गव्हात हात घालून आली आणि निर्णय झाला. वरच्या अर्ध्या भागाने गावाला पुरेल एवढं दिलं आहे, म्हणून कायराकलीला एक वर्षाची मुदत. अख्तियामला समज. आणि मला जाळून टाकायचं, कारण अहवालात काहीतरी दोषी असावं लागतं आणि तो बदलायला आता वेळ नव्हता. धन्य!

युमाबिकाने त्यावर सही केली. ती माणसं गेल्यावर सागितने विचारलं, याला फोडून सरपण करू का? ती म्हणाली, "जाळायचं एवढंच लिहिलंय. कधी, ते लिहिलेलं नाही."

घळ थांबत नसते, मित्रांनो. प्रत्येक पावसात तिचं तोंड वर वर सरकतं आणि आमच्या घळीच्या वर होतं ते वाचलेलं अर्धं शेत. ते गेलं असतं तर मुदत असून नसून सारखीच. युमाबिकाने मला त्या घळीत उतरवलं. नाक चढाकडे, दोन्ही पंख दोन्ही काठांत रुतवलेले, मागे दगड, मधे पेंढा, आजूबाजूला वाळुंजाचे, म्हणजे ओल मिळताच मुळं धरणाऱ्या झाडाचे, ओले खुंट ठोकलेले. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मला वाटलं संपलं सगळं. पाणी येऊन आदळलं, घुटमळलं आणि हातातली माती टाकून पुढे गेलं. दुसऱ्या पावसात आणखी. वाळुंजांना पालवी फुटली. घळीचं तोंड त्या वर्षापासून एक पाऊलही वर गेलेलं नाही. मुदत दरवर्षी वर्षाने वाढत गेली, मग मुदत द्यायलाही कोणी येईनासं झालं. घरं आहेत तिथेच आहेत.

मी गळ्यापर्यंत मातीत गेलो. आणि गेल्या मे महिन्यात मोठ्या गावातल्या शाळेच्या बाई बारा मुलं आणि बारा फावडी घेऊन आल्या. शाळेत जुन्या वस्तूंची खोली करायची होती. मला स्वच्छ करणार, रोगण लावणार, खाली नावाची पाटी ठेवणार. खोटं कशाला बोलू, क्षणभर सुखावलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी हसलं नव्हतं. मुलांनी उजव्या पंखाभोवती खणायला घेतलं आणि बैलगाडीभर माती धपकन खाली बसली. मी ओरडू शकत नाही. हा सगळ्यात मोठा वैताग आहे माझ्या जन्माचा.

काठावर युमाबिका होती, आता पार वाकलेली, शेळीसाठी वाळुंजाच्या फांद्या तोडायला आलेली. ती काठी टेकत खाली उतरली आणि मुलांच्या आणि माझ्या मधे उभी राहिली.

"फावडी ठेवा, लेकरांनो," ती म्हणाली. "त्याला नेऊ नका. तो अजून कामावर आहे."

बाई म्हणाल्या की आजी, इथे तो कुजून जाईल, निदान शाळेत टिकेल तरी. युमाबिका म्हणाली की कुजू दे, तो कुजेपर्यंत मुळं त्याची जागा घेतील. मग तिने मुलांकडून सगळी माती परत भरून घेतली आणि बूट काढायला लावून पायांनी तुडवून घेतली. मुलांना त्यातच जास्त मजा आली.

तर मित्रांनो, मला रोगण नको आणि पाटीही नको. जमिनीला हात लावण्याआधी तिच्यावर भांडंभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा, एवढं तरी करा. गाईला कळतं ते तुम्हाला कळायला हरकत नाही. आणि आता निघा इथून. आभाळ भरून आलंय, मला काम आहे.