चुकीचा मॅनिफोल्ड

धनेशने मारुतरावांच्या खाटेवर दोन मॅनिफोल्ड ठेवले. इंजिनात हवा नेणारा हा भाग दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या ट्रकसाठी कंपनीने कधीच बंद केला होता, म्हणून निगडीच्या दुकानातून त्याने दोन बाहेरचे आणले होते. एकाची भोकं सोबत आणलेल्या जुन्या, तेलकट पॅकिंगशी तंतोतंत जुळत होती, दुसऱ्याची अर्धं बोट सरकलेली. कोणता बसवायचा, हे धनेशला ठाऊक होतं. सगळं विसरत चाललेल्या आपल्या उस्तादांना ते अजून कळतं का, एवढंच त्याला पाहायचं होतं.

"दादा, हाच घेऊ ना?" त्याने मुद्दाम चुकीचा पुढे केला. पूर्वी चाकणच्या गॅरेजात अशा वेळी ते ओरडत, "डोळं घरी ठिवून आलास व्हय रं?"

मारुतरावांनी त्यावर पॅकिंग धरलं, कडेने बोट फिरवलं. सरकलेल्या भोकापाशी बोट अडलं. धनेश पुढे झुकला.

"चांगला हाय, पाव्हणं," ते हसून म्हणाले. "बसवा बिनघोर."

वीस वर्षांत त्यांनी धनेशला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"बरं, दादा," तो म्हणाला आणि त्यांच्या बोटाला लागलेलं तेल आपल्या रुमालाने पुसू लागला.