ओल्या मातीचा आकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे काटेबाई म्हणायचे. नमुन्यात चिमूटभर माती जास्त पडली तरी ती पुन्हा वजन करायला लावायची, म्हणून. अशा बाईने नोकरीत एकदाच अंदाजपंचे आकडा लिहिला, आणि तो नेमका भाऊजींच्या भिंतीसाठी.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. टेकडी कापून काढलेल्या रस्त्यालगत मातीच्या भरावाच्या दोन भिंती उभारायचं काम त्यांच्याकडे होतं. अशा भिंतीत भरावाच्या थराथरात प्लास्टिकची जाड जाळी अंथरतात. माती जाळीच्या घरांत शिरून बसते, जाळी तिला घसरू देत नाही, आणि दोघींच्या पकडीवर सगळी भिंत तोलून राहते. ही पकड मोजणं हे काटेबाईचं काम. लोखंडी पेटीत खाली जाळी, वर माती, मातीवर वजन. मग पेटीचा वरचा भाग सावकाश ढकलायचा आणि माती कुठे हार मानते ते बघायचं.

कोरड्या मातीने उत्तम टिकाव धरला. ओल्या मातीची चाचणी राहिली होती. तिच्यासाठी माती आधी पेटीतच कितीतरी दिवस भिजत ठेवावी लागते.

"मेहुणीबाई, तुमची माती भिजेपर्यंत माझी माणसं काय हातावर हात ठेवून बसणार?" भाऊजी फोनवर हसत म्हणाले. "घरच्या माणसाची जरा दया करा की!"

तिने विचार केला, भिंतीमागे पाणी वाहून जायला खडीचा थर आहे, माती भिजणार कशाला? कोरड्याचा आकडा थोडा उतरवून तिने ओल्याच्या जागी लिहून टाकला. त्या संध्याकाळी तिला काही वाटलंही नाही. खोटं कशाला बोलायचं, हलकंच वाटलं होतं.

भिंती उभ्या राहिल्या. आणि एका सकाळी दोनपैकी खालच्या भिंतीमागे भाऊजींच्या माणसांनी पुरलेली पाण्याची वाहिनी सांध्यात फुटली. एवढं पाणी खडीच्या थराला आवरेना; कुणाच्या लक्षात येईपर्यंत भराव पाणी पिऊन फुगला होता. भिंतीला पोट आलंय असा निरोप मिळताच भाऊजी धावले, रस्त्यावरच्या लोकांना ओरडून मागे हटवलं, आणि स्वतः मागे फिरायच्या आत वरचा भाग सरकून खाली आला. पाय वाचला. गुडघा कायमचा गेला.

दवाखान्यात ती भेटायला गेली तेव्हा भाऊजी छताकडे बघत पडले होते.

"सांधा न तपासताच बुजवा म्हणालो मी," ते म्हणाले. "माझ्या हाताने केलं सगळं. रस्त्यात एखादं पोर असतं तर?"

"तुम्ही तरी काय करणार," असं कुणीतरी म्हणालं. तो आपलाच आवाज आहे हे तिला मागाहून कळलं. ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू कशाला रडतेस गं? झालं ते झालं." तो हात तिला सोसवेना.

मग तिने करायची ती चाचणी केली. माती भिजवली, थांबली, पेटी लावली. ओली चिकणमाती जाळीवरून लोण्यासारखी सरकली. पकड तिने लिहिली होती त्याच्या निम्मीही नव्हती. हे आज ना उद्या सांगायचंच, असं ती रोज मनाशी ठरवायची. रोज दवाखान्यात फळं कापून द्यायची आणि भाऊजी स्वतःला शिव्या देत असताना खाली मान घालून ऐकायची.

शेवटी प्रयोगशाळेच्या साहेबांनीच तिला बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता.

"तुमच्या भाऊजींनी चूक कबूल केली. आपल्यावर काही येत नाही. वरच्या वळणाची दुसरी भिंतही आपल्याच आकड्यावर आहे, तिलाही आता कुणी हात लावणार नाही."

वरच्या वळणाखाली घरांची रांग होती. अंगणांत वाळत घातलेले कपडे तिने स्वतः पाहिले होते.

"साहेब, ती घरं आजच रिकामी करायला हवीत," ती म्हणाली. "ओल्याची चाचणी मी केलीच नव्हती. आकडा मनाचा आहे."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. "काटेबाई, तुम्ही?"

घरं त्याच दुपारी हलवली. धडधाकट दिसणारी भिंत उतरवतात म्हणून लोकांनी बोटं मोडली. ते सारं तिने मुकाट ऐकून घेतलं. त्यापेक्षा अवघड काम पुढे होतं.

भाऊजी तोवर घरी आले होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"सांधा माझाच होता," भाऊजी म्हणाले. "तो मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही. पण मी इथे स्वतःला खात होतो, ते तुला दिसत होतं ना?"

"हो."

"आणि तू सफरचंद कापत होतीस."

दारात धुतलेल्या चादरी घेऊन ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आता तू जा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

चौकशीत दोघांचीही चूक लिहिली गेली. काटेबाईला चाचण्यांवरून काढून भांडारात बसवलं. तिने तक्रार केली नाही. बरेच दिवस बहिणीकडून चकार शब्द नव्हता. मग एकदा ताईचा फोन आला, कामापुरता. भाऊजींना व्यायामाला न्यायचं असतं, मला रजा मिळत नाही, तुला जमेल का?

आता दर आठवड्याला ती गाडी घेऊन जाते. भाऊजी काठी टेकत येतात आणि तिच्या शेजारची सीट सोडून मागच्या सीटवर बसतात. पाय लांब करायला मागेच बरं पडतं, म्हणतात. ती मान हलवते आणि गाडी सावकाश काढते.