थालरवरचा चेहरा

फ्रँकफुर्टच्या टांकसाळीसाठी ठसे कोरणारा वेंडेलिन रोज संध्याकाळी नदी ओलांडून ओटिलीच्या गुत्त्यात सफरचंदाची दारू प्यायला जाई. ओटिली विधवा. नवऱ्यामागं गुत्ता एकटीनं चालवायची आणि तिच्याबद्दल वावगा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती.

थालर या चांदीच्या नव्या नाण्यावर शहराचं रूप म्हणून एक रुबाबदार स्त्री हवी होती. वेंडेलिनच्या हातून पोलादावर ओटिलीच उतरली. तिची मान, तिची वेणी, किंचित पुढं आलेला खालचा ओठ. तिला विचारावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण ती नको म्हणाली तर, या धास्तीनं तो गप्प राहिला. नगरसभेनं कामाची वाहवा केली.

नाणं बाजारात आलं आणि गिऱ्हाइकांनी तिला लगेच ओळखलं. कुणी थालर टेबलावर आपटून "तुझंच तोंड तुला परत" असं म्हणे, कुणी तिच्यादेखत त्याचा मुका घेई. कोरणाऱ्यासमोर ती कशी बसली असेल, अंगावर काय असेल, याच्या चर्चा रंगल्या. दिरानं तिला घरी बोलावणं सोडलं. चर्चमध्ये बायका तिच्या बाकावरून उठून जाऊ लागल्या.

हे कानावर आलं तेव्हा वेंडेलिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका रविवारी भरल्या गुत्त्यात तो उभा राहिला आणि त्यानं सांगून टाकलं, की ही बाई माझ्यासमोर कधीच बसली नाही, मीच इथं बसून तिला न विचारता चेहरा टिपून घेतला.

"म्हणजे रोज दारूसाठी येत नव्हतास तर," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. सगळा गुत्ता खदखदून हसला. ओटिली हातातला जग ठेवून आत निघून गेली.

गुत्ता विकून ती हानाऊला बहिणीकडं निघाली, त्या सकाळी तो दारात जाऊन उभा राहिला. माफी मागायला आला होता.

"विचारलं असतंत तर कदाचित हो म्हटलं असतं मी," गाठोडं बांधता बांधता ती म्हणाली. "कोरलंय चांगलं."

त्याला वर बघवेना.

"हे नाणं हानाऊत चालतं का हो?"

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं.

"चालतं," तो म्हणाला. "सगळ्या जर्मन मुलखात चालतं."

तिनं डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत पुढं ओढला आणि गाडीत चढून बसली.