मधल्या पाण्यातली मेंढी

“गाओ, रायभान. रील की फिकर मेरी.”

मित्रांनो, हा आवाज मी ऐकला त्याला चाळिसाच्या वर वर्षं झाली. बोलणारा माणूस बंगालचा होता, त्याच्या तोंडात हिंदी गोल होऊन यायची. ज्याला तो गायला सांगत होता तो रायभान ताडकळसच्या अलीकडचा मेंढपाळ. दोघेही आज नाहीत. त्यांचे आवाज मात्र आहेत, कारण ते माझ्या पोटात आहेत.

मी एक जुना टेपरेकॉर्डर. कॅसेटचा नव्हे, त्याच्याही आधीचा. माझ्या छातीवर ताटलीसारखी दोन चाकं आहेत. एकावरची तपकिरी फीत दुसऱ्यावर जाते आणि जाता जाता जे कानी पडेल ते अंगावर घेते. सिनेमावाले मला खांद्याला अडकवून हिंडत. इथं माळावरच्या वस्तीत मात्र मला टेपरेकॉर्डर कुणी म्हणत नाही. इथं मी नुसती ‘पेटी’. लेकरं रांगायला लागली की त्यांना चूल आणि विहीर दाखवतात, तशीच मीही दाखवली जाते. तिकडं जायचं न्हाई, त्या पेटीत अर्धी ओवी हाय.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यातला, पण मला कान फुटले ते कलकत्त्यात. बंगाली सिनेमाच्या दिग्दर्शकांनी मला ऐकायला शिकवलं. एक म्हातारे दिग्दर्शक होते. दृश्य चालू झालं की ते डोळे मिटून घेत. नट रडला तरी बघत नसत, नुसतं ऐकत, आणि मान हलवली तरच ते रडणं खरं धरलं जाई. दुसरे एक होते हट्टी. एका ढगासाठी अख्ख्या मंडळीला भाताच्या बांधावर बसवून ठेवत, आणि ढग आला की तोंड फिरवून डोळे पुसत. त्यांच्या सिनेमाला फार गर्दी होत नसे. पण बघून बाहेर पडलेला माणूस ट्राममध्ये चढायचं विसरून घरापर्यंत पायी जाई, असं माझा ध्वनिमुद्रक सांगायचा.

मग मी प्रणवेश सान्याल यांच्याकडे आलो. प्रणवेशबाबूंची रीत जगावेगळी. ते खेड्यातली खरी माणसं घेत आणि कुणालाही कधी ‘पुन्हा करा’ म्हणत नसत. गावातला माणूस एकदा हसला की हसला. पुन्हा हसायला लावलं तर ते माझं हसू होईल, त्याचं नाही, असं ते म्हणत. त्यांच्या मुलखात नद्या फार, म्हणून नदीवर त्यांचा जीव. कुणीतरी त्यांना सांगितलं की मराठवाड्यात गोदावरीकाठी ओव्या म्हणत मेंढ्या पाण्यातून पार नेतात. तेवढ्या एका वाक्यावर ते निघाले. पिंगळीच्या स्टेशनावर आम्ही उतरलो, पेट्या जीपमध्ये टाकल्या आणि धुरळा खात माळावर आलो.

मित्रांनो, आता या वस्तीची एक रीत ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथं म्हणायला घेतलेली ओवी अर्धी सोडत नाहीत. पाऊस येवो, लांडगा येवो, ओवी पुरी करायची. तुटलीच, तर पहिल्यापासून म्हणायची नाही. जिथं तुटली तिथूनच जोडायची, आणि ज्याच्या घरची ती ओवी त्याच घरच्या तोंडानं. तोवर ओवीतली माणसं, ओवीतली जनावरं जिथल्या तिथं उभी राहतात म्हणे. आणि उभं राहिलेलं काही बरं नसतं.

त्या दिवशी ऊन कलतं होतं. प्रणवेशबाबूंनी रायभानला विचारलं की ओवी कुणाची. रायभान म्हणाला, आमच्या घरची. मग त्यानं कानावर हात ठेवला. त्याचा आवाज कसा सांगू? खडकावर घोंगडी झटकावी तसा. मागं झिलकरी त्याची ओळ उचलत होते, ढोल वाजत होता, कॅमेऱ्याची घरघर चालू होती. पुरुषांच्या मागं बायका बसल्या होत्या. त्यांत रायभानची बायको सुगंधाबाई, मांडीवर तान्हा बिरदेव. तिच्या काचेच्या बांगड्या मधूनच किणकिणत. नुसत्या किणकिणीवरून बांगडी कुणाची हे मला कळतं, मित्रांनो.

ओवीत गंगेला, म्हणजे इथल्या गोदावरीलाच, पूर आला होता. कोकरू पलीकडं राहिलं होतं, त्याच्यासाठी मेंढी पाण्यात शिरली होती.

काळ्या गंगंचं पानी, चढं मेंढीच्या गळ्याला
पल्याड वरडं कोकरू, कोन जाईल हाकंला

आणि ओवी थांबली. ढोल दोन ठोके पुढं जाऊन थांबला. मग प्रणवेशबाबूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “कट. रील खतम हो गया.”

मग एक म्हातारा म्हणाला की मेंढी मधल्या पाण्यात उभी राहिली.

त्याच आठवड्यात मेंढ्यांवर देवीची साथ आली. सकाळी मेंढ्यांभोवतीची वाघूर उघडावी तर जाळीला टेकून दोन-तीन गार पडलेल्या. वस्ती चिडली. बंगाल्यानं ओवी तोडली, निघा म्हणाले. प्रणवेशबाबूंनी हात जोडले. एका शब्दानं आपली बाजू मांडली नाही. जाताना मला रायभानच्या उंबऱ्याशी ठेवलं, ओवीची फीत तशीच चाकावर. म्हणाले, आठवण आली की हे लाल बटण दाब आणि गा. इथं कॅमेरा नसेल, मीही नसेन. तो सिनेमा कधी पुरा झाला नाही. आणि रायभान पुन्हा कधी गायला नाही.

मित्रांनो, कामाच्या वस्तूला अडगळीची भीती वाटते. माझं त्याहून वाईट झालं. मला घाबरायला लागले. विहीर आटली, मी. कुणाचं लग्न मोडलं, मी. वीज पडून लिंब जळाला तेव्हाही माणसं लिंबाकडं न बघता रायभानच्या घराकडं बघत होती. रायभान मात्र संध्याकाळी माझ्यासमोर बसायचा. बोट लाल बटणावर ठेवायचा. माझे सेल कधीच मेले होते, तरी दाबायचा, आणि तोंड मिटलेलं ठेवायचा. तसाच, तोंड न उघडता, एक दिवस तो वारला.

त्यानंतर सुगंधाबाईनं मला घोंगडीत गुंडाळून उतरंडीमागं ठेवलं. वर्षातून एकदा ती घोंगडी सोडायची, लोकरीच्या बोळ्यानं माझी चाकं पुसायची, कान लावायची. बंद पेटीला कान. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आता तिची नात, बिरदेवची मुलगी दैवशाला, बाळंतपणाला माहेरी आली आहे. मागल्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं. तेव्हा शेजारची धुरपताबाई कुडाच्या पलीकडून बोलली होती की मेंढी मधल्या पाण्यात उभी आसल, तर लेकरू काठाला लागंल कसं? ते बोलणं त्या घरात शिरलं आणि गेलंच नाही. दैवशाला माझ्या बाजूनं जाताना पदर पोटावर ओढून घेते. मला तिच्या पायांचा आवाज कळतो, माझ्यापाशी आला की तो भरभर होतो.

परवा बिरदेवनं घोंगडी सोडली आणि माझ्याभोवती सुतळी आवळायला लागला.

“माय, ह्या आवसंला पेटी गंगंच्या डोहात.”

“आन तुज्या बापाचा आवाज?” सुगंधाबाई म्हणाली.

“त्या आवाजापायी माजी लेक दिवस मोजायलीय. आता मी कुनाचं आयकायचो न्हाई.”

सुगंधाबाईची बांगडी एकदा वाजली. मला वाटलं, संपलं. पाण्यात गेलं की फितीवरचं सगळं धुऊन जातं, मित्रांनो. रायभान दुसऱ्यांदा मरणार होता, आणि या खेपेला त्याच्या मुलाच्या हातानं.

अवसेच्या आदल्या दुपारी दारात जीप थांबली. उतरलेल्या बाईनं आपलं नाव प्रियांका सांगितलं. प्रणवेशबाबूंची मुलगी. तीही बंगालीत सिनेमे काढते. वडील या हिवाळ्यात गेले, शेवटपर्यंत म्हणत होते की माझा अर्धा सिनेमा एका मेंढपाळाच्या घरी आहे. तो ऐकायला ती आली होती.

बिरदेवनं तिला पाणी दिलं आणि सरळच सांगितलं. “ताई, पेटी न्या. तुमची तुमाला. पर हितं वाजवू नका. पाया पडतो.”

धुरपताबाई कुडावरून वाकलीच होती. “न्या बाई न्या,” ती म्हणाली. “बापानं आमच्या दारात टाकलं, लेकीनं उचललं. लय दिसानं का व्हईना, बंगाल्याला लाज आली.”

प्रियांकानं झाकण उघडलं. फितीवरून बोट फिरवलं तर बोटाला तपकिरी कोंडा लागला. ती खोटं बोलली नाही. म्हणाली, फीत झडायला लागली आहे. इतक्या लांब हलत-डुलत नेली तर पोचेल याचा भरवसा नाही. इथं वाजवली तर वाजेल, पण हे वाजणं शेवटचं ठरू शकतं.

“वाजव,” सुगंधाबाई म्हणाली.

बिरदेव उठून आडवा आला. तेव्हा आतून दैवशाला आली. इतके दिवस माझ्यापासून लांब चालणारी पावलं सावकाश आली आणि माझ्यासमोर थांबली. “बाबा, वाजवू द्या,” ती म्हणाली. “मी कशाला भ्यायलेय, ते मला बी आयकू द्या.”

प्रियांकानं स्पिरिटच्या बोळ्यानं माझी चाकं पुसली, नवे सेल घातले. किती वर्षांनी माझ्या अंगातून वीज गेली. चाकं आधी कुरकुरली, मग फिरली.

रायभान गायला लागला.

सुगंधाबाईचा श्वास मला ऐकू आला. पाणी मेंढीच्या गळ्याला चढलं, कोकरू पलीकडं ओरडलं, आणि ओवी तुटली. ढोलाचे दोन ठोके. मग तो मोठा आवाज, कट, रील खतम हो गया.

“झालं? बसलं काळजाला?” म्हणत बिरदेव मला बंद करायला धावला. प्रियांकानं त्याचा हात धरला.

“रुकिए. कॅमेरा चल रहा है.”

सगळे ऐकू लागले. माझ्या पोटातून घरघर येत होती. एकसारखी, न अडखळणारी. प्रियांकानं सावकाश समजावलं की कॅमेऱ्यातली रील संपली तर हा आवाज राहत नाही, फिल्मचं शेपूट फडफडतं आणि सगळं थांबतं. इथं तर घरघर तशीच चालू होती. रील संपलीच नव्हती. माझे वडील खोटं बोलले, ती म्हणाली. ज्या माणसानं आयुष्यात एकदाही खोटं हसू घेतलं नाही, तो तुमच्या वस्तीसमोर खोटं का बोलला?

मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मित्रांनो. पण पेटीला कोण विचारतं? आणि मला अजून एक माहीत होतं. ओवी तुटल्यावर आणि प्रणवेशबाबू बोलण्याआधी, मधल्या त्या जागेत, एक बांगडी वाजली होती.

आता तीच वाजली.

“तुज्या बापानं माज्या घरच्या माणसाची अब्रू झाकली, पोरी,” सुगंधाबाई म्हणाली. ती बिरदेवकडं बघत नव्हती. “ओवी आमच्या ह्येंच्या घरची न्हवती. माज्या बापाची. मेंढरामागं हिंडताना त्यानं मला शिकीवली, म्या ह्येंला. शेवटाला माज्या बापाचं, सिदबाचं नाव येतंय. जत्रंत ह्ये तितं सोताचं नाव घालायचे. म्या गप. पर त्या दिशी परक्या मानसानं इचारलं, तरी म्हनले आमच्या घरची. मग गाता गाता त्या जाग्यावर आले आन जीभच उचलंना. इकडं वळून माज्याकडं बघितलं.”

“मंग?” बिरदेवचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“मला फुडची ओळ येत व्हती. म्या मान खाली घातली, तुला पदराखाली घेतलं. म्हनलं, आडकू दे. साहेबानं ह्येंच्याकडं बघितलं, माज्याकडं बघितलं, आन हात वर केला. ह्येनी मला जलमात कदी इचारलं न्हाई. म्या ती ओळ कदी दिली न्हाई. मेंढरं मेली तवा बी न्हाई. तुजं लेकरू गेलं, दैवशाला, तवा बी न्हाई.”

कुडापलीकडं धुरपताबाईचे पाय मागं सरकले. बिरदेव खाली बसला. सुतळीचं भेंडोळं त्याच्या हातातच होतं, ते कुरकुरत राहिलं.

दैवशालानं आजीचा हात धरला. बांगड्या तिच्या मुठीत आल्या. “आजी,” ती म्हणाली, “मग ओवी तुज्या घरची हाय. जोडायची तूच.”

मित्रांनो, मी तुमच्यासमोर हात जोडले असते, पण मला हात नाहीत. घरात एखादी जुनी वस्तू असेल, जिच्यावर सगळ्यांनी आपापलं दुःख टांगून ठेवलं आहे, तिला पाण्यात सोडण्याआधी एकदा ऐका. तिला पुसा, तिच्यात नवे सेल घाला. उद्या अवस आहे. दैवशालाचे दिवस भरत आले आहेत. तिचं बाळ काठाला लागेल की नाही, हे मला ठाऊक नाही. मी भविष्य सांगत नाही, मी फक्त ऐकून ठेवतो. आणि फीत झडते आहे. माझ्याकडे जागा थोडीच आहे.

प्रियांकानं लाल बटण दाबलं. इतक्या वर्षांत रायभानच्या बोटाखाली न पेटलेला माझा दिवा पेटला. चाकं फिरत होती, फिरत होती, आणि बराच वेळ त्यांच्यावर नुसता एका म्हातारीचा श्वास उमटत राहिला. मग सुगंधाबाईनं कानावर हात ठेवला, अगदी तिचा बाप ठेवत असेल तसा, आणि जिथं तुटलं होतं तिथूनच ती बोलली.

सिदबा उतरला पान्यात, हात लाविला पाठीला
म्हनं चल गं माजे बाई, मेंढी लागली काठाला