चारी कडा शिवलेलं फडकं

टाकीच्या तोंडातून हात कोपरापर्यंत आत गेला, तेव्हा डॉक्टरच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. पेट्रोलच्या टाकीत मऊ असं काही नसतं. त्यानं ते चिमटीत धरून हळूहळू बाहेर ओढलं. गाडीची मागची सीट काढून भिंतीला टेकवलेली, सीटखालचं झाकण उघडलेलं, पंप एका जुन्या वर्तमानपत्रावर आडवा पडलेला, आणि डॉक्टरच्या मुठीत ठिबकणारं एक फडकं.

डॉक्टर म्हणजे गाड्यांचा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग सांगतो म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याला हे नाव पाडलं होतं. खरं सांगायचं तर ते नाव त्याला थोडं चढलंही होतं.

"सापडलं का काही?" गॅरेजच्या दारातून मास्तरांनी विचारलं. दोन महिन्यांपूर्वी मास्तरांनी ही गाडी डॉक्टरच्या थोरल्या बहिणीकडून घेतली होती.

"कचरा होता," डॉक्टर म्हणाला. "जाळीला चिकटला होता." त्यानं फडकं मुठीत आवळलं.

खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. सकाळी त्यानं पेट्रोलचा दाब दाखवणारं गेज लावून मास्तरांना शेजारी बसवलं होतं आणि गाडी चढावर नेली होती. टाकीत पेट्रोल जेमतेम तळाला. वीस मिनिटं गाडी लोण्यासारखी चालली. मग इंजिन थरथरायला लागलं, गचके देऊ लागलं, आणि गेजचा काटा खाली खाली गेला. बाजूला घेऊन पाच मिनिटं बंद ठेवली, तर पुन्हा जशीच्या तशी ठणठणीत. आता त्याचं कारण हातात होतं. पेट्रोल कमी झालं की हे फडकं तरंगत पंपाच्या जाळीशी येई, पंप ते ओढून धरी आणि इंजिनाचा घसा आवळला जाई. गाडी बंद केली की ते सुटून बाजूला होई.

त्यानं मूठ उघडली. रंग उडाला होता, पण फडक्याच्या चारी कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेल्या होत्या. असं फडकं जगात एकाच गॅरेजात मिळत असे. जुन्या कपड्यांचे चौकोन कापून, त्यांना टीप घालून ताई ते गठ्ठ्यानं आणून द्यायची. "धागे सुटून इंजिनात जायला नकोत," म्हणायची. तेव्हा तो हसला होता. चिंध्यांना कोणी टीप घालतं का?

तीन वर्षांपूर्वी त्यानंच ही टाकी साफ केली होती.

"एक मिनिट हं," मास्तर गाडीच्या खणात काहीतरी शोधत होते. "तुमच्या ताईंनी गाडी देताना एक कागद दिला होता. मी मेला वाचलाच नाही नीट. बघा बरं, काही उपयोग होतो का."

ताई घरोघरी बाळंतपणाला जाणारी नर्स, आणि अक्षरही नर्सचंच होतं. रोग्याच्या तक्त्यावर लिहावं तसं सुटं आणि स्वच्छ.

'टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. निम्म्याखाली गेली की वीसेक मिनिटांनी गचके देते, चढावर जास्त. बाजूला घेऊन पाच मिनिटं बंद ठेवावी, मग चालते. टाकी साफ केल्यापासून हे सुरू झालं असं मला वाटतं. पण माझा भाऊ या कामातला जाणकार आहे. तो म्हणतो दोष गाडीचा नाही, चालवणारीचा. तुम्हाला कदाचित त्रास होणारही नाही.'

डॉक्टरनं कागद दोनदा वाचला. हे सगळं ताईनं त्याला तोंडानं सांगितलं होतं, एकदा नाही, चारदा. तो गाडी घेऊन गॅरेजाभोवती एक फेरी मारायचा आणि चावी परत द्यायचा. भावाकडे रिकाम्या टाकीनं कसं जायचं म्हणून ती येताना टाकी भरून आणायची. मग गचके बसणार कुठून? "ताई, गाडीला मधेच विश्रांती लागते होय? गाडी आहे का म्हातारी?" आणि एकदा, चार गिऱ्हाइकं बसलेली असताना, "नाचता येईना, अंगण वाकडं! थरथर गाडीत नाही, तुझ्या पायात आहे."

लोक हसले होते. हसले म्हणून त्यानं ते पुढं चहाच्या दुकानात सांगितलं. सांगता सांगता त्याची छान गोष्ट झाली. गाडीत बसलेली ताई, हुडहुडी भरल्यासारखा तिचा पाय, रस्त्यावरचे लोक. शेवटी तो टेबलाखाली आपला पाय थरथरवून दाखवायचा.

"मी तर बायकोला म्हटलं," मास्तर सहज म्हणाले, "ताईंचा पाय आता मला लागला."

म्हणजे मास्तरांनीही ऐकली होती. डॉक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर, कचरा नव्हता," तो म्हणाला. "फडकं होतं. माझं. मीच आत विसरलो होतो." आणि मान खाली घालून तो पंप बसवायला लागला.

संध्याकाळी तो ताईकडे गेला तेव्हा ती नुकतीच कामावरून आली होती. पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. बॅग शेजारी, बसचं तिकीट अजून बोटात. आई आत स्वयंपाकघरात होती. त्यानं काही न बोलता फडकं ताईपुढं धरलं.

तिनं ते घेतलं, वास घेतला, उलटंपालटं केलं.

"टाकीत होतं," तो म्हणाला. "तीन वर्षं. तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. अगदी सगळं."

 ताईचा अंगठा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरत राहिला.

"धागा नाही ना सुटला कुठं?" तिनं विचारलं.

"नाही. एकही नाही."

"बरं झालं."

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. "ताई, चुकलं माझं. मास्तर भले आहेत, मी त्यांच्याशी बोलतो. गाडी परत..."

"गाडीचं राहू दे." तिनं तिकिटाची घडी घातली. "परवा एका बाळंतपणाला बसनं गेले. पोचले तेव्हा बाळ रडत होतं. सगळं सुखरूप झालं, पण मी नव्हते तिथं. येताना वाटलं, गाडी असती तर पोचले असते. मग वाटलं, कुठली पोचते, आपला पायच तसला." तिनं तिकीट बॅगेत टाकलं. "इतका विश्वास बसला होता माझा, अरे. तुझ्यावर."

आतून आईचा आवाज आला. "कोण, डॉक्टर आलाय का?" आईसुद्धा त्याला कौतुकानं डॉक्टरच म्हणायची. दोघांपैकी कुणीच ओ दिली नाही.

"ती गोष्ट तू फार छान सांगतोस म्हणे," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर त्याला सोपं गेलं असतं. "आता ही पण सांग. जिथं ती सांगितलीस, तिथं."

तिनं फडक्याची चौकोनी घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं दुकान भरलेलं होतं. डॉक्टर आत शिरला, पण बसला नाही. नेहमीच्या टेबलापाशी उभं राहून त्यानं घसा खाकरला.

"ताईची ती गाडी आहे ना..."

एवढ्यावरच हशा पिकला. दुकानदारानं नीट हसता यावं म्हणून किटली खाली ठेवली. "पाय! पाय!" मागून कुणीतरी ओरडलं. समोरच्या रंगाऱ्यानं टेबलाखाली आपला पाय थरथरवून दाखवला, अगदी डॉक्टर दाखवायचा तसा, आणि कपबशा वाजल्या.

डॉक्टरनं खिशातून फडकं काढून टेबलावर ठेवलं. लोकांना वाटलं, गोष्टीत आज नवीन काहीतरी आहे. ते आणखीच हसले.

तो तसाच उभा राहिला. हसू ओसरायला बराच वेळ लागला. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.